दांडी सोडा, मग वेग ठरवा

ट्रेडमिलवर कसं चालायचं, असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा आकड्यांत मिळतं. वेग सहा ठेवा, चढ पाच ठेवा, अर्धा तास चाला. माझ्या मते पहिला प्रश्न हातांचा आहे. हात समोरच्या दांडीवर असतील तर वेग, चढ आणि पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरी या तिन्ही आकड्यांना अर्थ उरत नाही. धायरीत हे सांगणं मला अधिक गरजेचं वाटतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरी होती. इमारती भराभर उभ्या राहिल्या, रस्ते मात्र गावाच्या मापाचेच राहिले. सकाळी फाट्यावरून गावाकडे किंवा बेनकर वस्तीकडे चालत जायचं म्हणजे दुचाकी, टँकर आणि स्कूलबस यांच्या कडेकडेने अंग चोरून जाणं. म्हणून सोसायटीच्या जिममधला किंवा घरातला पट्टा ही इथे हौस राहिलेली नाही. पुष्कळांचं दिवसभराचं चालणं तेवढंच असतं आणि तेवढंच असेल तर ते नीट झालं पाहिजे.

दांडी धरल्याने नेमकं काय होतं, याचा हिशेब साधा आहे. समजा, यंत्रावर १२ टक्के चढ लावला आहे. चढावर शरीराचं वजन आपल्याला मागे खेचत असतं आणि हा जोर वजनाच्या जवळपास १२ टक्के भरतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत आठ-साडेआठ किलो. एरवी हा जोर पायांनी पेलायचा असतो. माणसाने दांडी धरून, मागे रेलून तेवढ्याच जोराने स्वतःला पुढे ओढून धरलं की पायांना पट्टा जवळजवळ सपाट होतो. आठ किलोचा जोर दोन्ही हातांत वाटला गेला तर जाणवतही नाही. त्यामुळे आपण फसवणूक करतोय असं त्या माणसाला वाटत नाही आणि तो करतही नसतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. अशा माणसाकडे बाजूने पाहिलं तर कोपर सरळ, खांदे कानांकडे चढलेले आणि अंग पट्ट्याशी काटकोनात दिसतं. सपाटीवर चालताना अंगाचा जमिनीशी जो कोन असतो, तोच इथे पट्ट्याशी असतो. यंत्राला वेग, चढ आणि फार तर भरलेलं वजन कळतं. हातांनी किती भार उचलला हे त्याला कळत नाही, म्हणून पडद्यावर पूर्ण चढाच्या कॅलरी दिसतात.

डॉक्टरांना हे पूर्वीपासूनच माहीत आहे. हृदयाच्या तपासणीसाठी ट्रेडमिल वापरात आणली ती सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने, वेन क्विंटन या अभियंत्याच्या मदतीने, १९५० च्या दशकात. आज आपल्याकडे टीएमटी म्हणून जी तपासणी होते, ती बहुतेक ठिकाणी ब्रूस यांच्याच पद्धतीने होते: सुरुवात तासाला २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढवत न्यायचं. या तपासणीत दांडी घट्ट धरू नका, तोल जात असेल तर बोटं टेकवा, असं सांगतात. दांडी धरणारा माणूस जास्त वेळ टिकतो, पण त्याच टप्प्यावर त्याचं शरीर प्राणवायू कमी वापरत असतं. त्यामुळे त्याची क्षमता आहे त्याहून जास्त दिसते. जी गोष्ट तपासणीचा निकाल बिघडवते, तीच रोजचा व्यायामही बिघडवत असणार.

चालण्याला किती ऊर्जा लागते याचं एक सूत्र व्यायामशास्त्रात वापरतात. त्याप्रमाणे तासाला ६ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना शरीर स्वस्थ बसल्याच्या ३.९ पट ऊर्जा वापरतं. तासाला फक्त ३ किलोमीटर, पण १० टक्के चढावर, हात मोकळे ठेवून चाललं तर पाचपट. म्हणजे निम्म्या वेगाने जास्त काम होतं, शिवाय पाऊल सावकाश पडत असल्याने तोल सांभाळायला सोपं जातं. दांडी धरून सहाने चालणाऱ्याला म्हणूनच माझं सांगणं आहे की वेग तीनवर आणा, हात सोडा, आणि जमेल तसा चढ वाढवा. आकडा लहान झाल्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पूर्वीचं श्रेय निम्मंअर्धं दांडीचं होतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतात की पट्टा आपणच मागे सरकतो, तेव्हा ट्रेडमिलवरचं चालणं मुळात खरं नाहीच. मग हातांचं एवढं काय? हा गैरसमज आहे. एकाच वेगाने धावणाऱ्या डेक्कन क्वीनच्या डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना पायांना वेगळं काही करावं लागत नाही, तसंच स्थिर वेगाच्या पट्ट्यावरही. फरक एवढाच की समोरून वारा येत नाही, आणि चालण्याच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा नगण्यच असतो. ‘बाहेरच्यासारखं व्हायला एक टक्का चढ ठेवा’ हा सल्ला वेगाने धावणाऱ्यांसाठीचा आहे, चालणाऱ्याने त्याची फिकीर करू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साठी-सत्तरीच्या माणसांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी हात सोडायचे कसे? त्यांनी धरावं, नक्की धरावं. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा दांडी शंभरपटीने बरी. पण आधार घेणं वेगळं आणि भार टाकणं वेगळं. चार बोटं बाजूच्या दांडीवर नुसती टेकवूनही मेंदूला तोलाची पुरेशी खबर मिळते. बोटं टेकवून भागत नसेल, मूठ आवळावी लागत असेल, तर तो वेग त्या दिवशी आपल्याला जास्त आहे असं समजावं आणि कमी करावा. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच चढ लावावा. आणि सेफ्टी कीची दोरी प्रत्येकाने, तरुणांनीसुद्धा, कपड्याला अडकवावी; पाय घसरून माणूस मागे गेला की ती ओढली जाऊन पट्टा थांबतो. दोरी पडद्याखाली लोंबकळत राहिली तर तिचा काही उपयोग नाही. नाडी पाहायला दांडी धरावी लागते म्हणणाऱ्यांनी काही सेकंद धरून सोडावी. नाहीतर चालताना बोलून पाहावं: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम मध्यम व्यायामाला पुरतो.

हात सुटले की बाकीचं पुष्कळसं आपोआप जमतं. चालताना हात पायांच्या उलट हलतात ते धडाचा पीळ सावरण्यासाठी. हात मुद्दाम न हलवता चालायला लावलं तर सुमारे १२ टक्के जास्त ऊर्जा लागते असं २००९ च्या एका प्रयोगात दिसलं. पट्टा सुरू करताना दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवावेत आणि वेग अगदी कमी असताना आत यावं. नजर समोर हवी. मोबाइल पाहायला मान खाली घालू नये. ढांग लांबली की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि गुडघ्याला हिसका बसतो. पाऊल जवळ, जवळजवळ कमरेखाली पडावं. चढावर पुढे झुकायचं ते घोट्यातून, सगळं अंग एका रेषेत ठेवून. कमरेत वाकलं की पाठ बोलते. थांबताना चढ उतरवून तीन-चार मिनिटं हळू चालावं, कारण एकदम थांबलं तर रक्त पायांत साठून डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते.

धायरीतले अनेक जण पट्ट्यावर घाम गाळतात ते रविवारी सिंहगड चढायचा म्हणून. आतकरवाडीहून माथ्यापर्यंत सुमारे सहाशे मीटर उंची चढावी लागते आणि घरगुती पट्ट्याचा चढ त्या वाटेपुढे काहीच नाही. हात सोडून केलेला सराव तिथे पोटऱ्यांना आणि मांड्यांना उपयोगी पडतो. उतरण्याची तयारी मात्र बहुतेक यंत्रांवर होत नाही, कारण त्यांचा पट्टा खाली झुकत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळून धरावे लागतात, आणि सोमवारी दुखतात ते तेच. त्यासाठी इमारतीचा जिना आहे. वर जाताना लिफ्ट घ्यावी, उतरताना पायऱ्या. सावकाश, पाऊल पूर्ण टेकवत. इथे मात्र कठड्याजवळून चालावं आणि गरज पडली तर तो धरावा.