काचेच्या कॅबिनेटला दिघीत जागा नाही

माझा भाचा गेले दोन महिने मोबाइलवर एकाच पेटीचा फोटो उघडून बसतो. समोर काच, डाव्या बाजूला काच, आत सात पंखे आणि प्रत्येक पंख्यात इंद्रधनुष्य. अशा कॅबिनेटला बाजारात ‘फिश टँक’ म्हणतात. ज्या घराच्या दारात सकाळी सुरमईच्या पाट्या उतरतात, त्या घरात अकरा हजार देऊन फिश टँक आणायचा आणि त्यात मासा नाही! यावर मी हसलो, म्हणून तो चार दिवस बोलला नाही.

हसायला नको होतं, कारण पैसे खरे आहेत. दोन हंगाम बोटीवर जाऊन, लग्नांचे व्हिडिओ एडिट करून त्याने बहात्तर हजार जमवलेत. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. त्या दोन महिन्यांत स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर काम उभं करायचं, असा त्याचा बेत आहे. बेत चांगला आहे. माझं भांडण त्या पेटीशी आहे, आणि ती पेटी त्याच्या डोक्यात ज्यांनी घातली त्यांच्याशी.

आपल्याकडे कितीतरी लोक त्या आख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. शहाणे लोक त्यांना हसतात. मला मात्र त्या चुकीत थोडं शहाणपण दिसतं. निदान ते पेटीला यंत्राचा भाग तरी मानतात. व्हिडिओवाले सल्लागार मानत नाहीत. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, आणि शेवटी उरलेल्या पैशांत ‘आवडेल ते कॅबिनेट’ घ्या, असं ते सांगतात. म्हणजे घराचं सगळं सामान ठरवायचं आणि छपराचं उरलेल्या पैशांत बघायचं. दिघीत असं घर कुणी बांधत नाही.

हे सल्ले येतात कुठून? जिथे बाराही महिने एसी किंवा हीटर चालतो अशा खोल्यांतून. तिथली धूळ म्हणजे गालिच्याचे धागे आणि मांजराचे केस. त्या लोकांचा प्रश्न एकच, आतली हवा किती गार राहते. म्हणून त्यांचे सगळे आलेख तापमानाचे. तीन अंश कमी भरले की ते कॅबिनेट श्रेष्ठ. चार पावसाळ्यांनंतर स्क्रू फिरतो की नाही, याचा आलेख मी आजवर पाहिलेला नाही. त्यांना त्याची गरज नाही, हे मान्य. पण आपण तो सल्ला जसाच्या तसा राजपुरीच्या खाडीकाठी आणून लावतो, तो दोष आपला.

दिघीच्या हवेत मीठ आहे. लाट फुटते, फेस उडतो, त्यातले बारीक थेंब वाऱ्यावर घरात येतात आणि पाणी उडून गेलं की मीठ उरतं. नुसतं कोरडं मीठ फारसं वाईट नसतं. पण हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. डब्यातल्या मिठाला जूनमध्ये पाणी सुटतं ते यामुळेच. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसच्या दिवस ८० च्या वर असते. तेच मीठ मदरबोर्डवर बसलेलं असेल, तर त्याचा खारट पाण्याचा पातळ थर होतो. त्यातून वीज वाहते. शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये वेगवेगळा दाब असला की धातू एकीकडून विरघळून दुसरीकडे वाढू लागतो. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो कुजका वास येतो त्यातला हायड्रोजन सल्फाइड आणखी वेगळा. घरातली चांदीची पैंजणं काळी पडतात, त्याने तांबंही काळं पडतं. वायू कोणतीच पेटी अडवू शकत नाही. मिठाचे कण आणि धूळ अडवता येते, निदान बरीचशी.

आता त्या सात पंख्यांकडे या. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला सुमारे ५० घनफूट हवा फेकतो. जाळीमागे बसवला तर त्याच्या निम्मी धरा. चार पंखे हवा आत ओढणारे असतील तर मिनिटाला १०० घनफूट झाली. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट. म्हणजे दर दहा मिनिटांना खोलीभर हवा त्या पेटीतून जाते, आणि ज्या फटीतून फिल्टर टाळता येतो तिथून आपलं मीठ आत ठेवते. ‘जास्त हवा म्हणजे चांगलं’ हे घाटावर खरं असेल. इथे जास्त हवा म्हणजे जास्त मीठ. पूर्ण जाळीच्या, काच नसलेल्या कॅबिनेटांवरही माझा तोच आक्षेप आहे. जाळी दिसायला साधी, म्हणून ती आपल्या बाजूची असं होत नाही.

मग उष्णतेचं काय? मे महिन्यात खोलीतच ३३-३४ अंश असतात, बंद पेटीत यंत्र भाजून निघेल, असं भाचा म्हणतो. भाजत नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचा तापमापक असतो. तो ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की आपला वेग आपण कमी करतो. तुमचा व्हिडिओ चार मिनिटं उशिरा तयार होतो, बस. गंजाला असा तापमापक नाही. तो काही सांगत नाही, आणि एकदा लागला की थंड झाल्यावर उतरतही नाही. शिवाय थोडी ऊब इथे कामाची असते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि मीठ कोरडं राहतं. पावसाळ्यात मरतं ते बंद ठेवलेलं यंत्र.

हे मी पैसे भरून शिकलो. २००९ साली एका शहरातल्या दुकानातून जोडून आणलेलं माझं पहिलं यंत्र. जूनमध्ये ‘विजेचा भरवसा नाही’ म्हणून प्लग काढून, वर प्लास्टिक घालून ठेवलं. गणपतीत चालू केलं तर सुरूच होईना. मेकॅनिकने उघडलं. रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवं, स्क्रूंची डोकी तांबडी, आत मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकी माती. ‘भाऊ, समुद्रात ठेवला होता काय?’ असं त्याने विचारलं. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत गंज, ओलावा आणि कीटक वगळलेले होते. म्हणजे दिघी वगळली होती.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम जुन्या वळणाची, वरून पूर्ण बंद, जड पोलादी पेटी घेतली. दुकानदाराला ती विकायची लाज वाटत होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमचे दोन पत्रे उडाले आणि टेबलावर दोन तास पाऊस पडला. पेटीच्या डोक्यावर एकही भोक नव्हतं, पाणी चारी बाजूंनी ओघळून गेलं. वीज आली ती आठवडे उलटल्यावर. तोवर मी पेटी पुसून कोरड्या कोपऱ्यात ठेवली होती. ती चालू झाली. नशीबही होतं, नाही म्हणत नाही. पण आज जी कॅबिनेट सर्रास मिळतात त्यांच्या डोक्यावर तीन पंख्यांएवढी जाळी असते. कौलाखाली आणि पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला डोक्यावर चाळण असलेली पेटी विकणं याला काय म्हणायचं?

तर माझं म्हणणं असं. दिघीत, आणि दिघीच कशाला, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, पेटी निवडताना आधी पत्रा बघा. स्वस्त पेट्यांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बोटाने दाबला की कुरकुरतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवा. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, पण कापल्यावर कडा उघड्या पडतात, म्हणून रंग बाहेरून आतून दोन्हीकडे हवा आणि कडांवरही. डोकं बंद. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि आत घेणाऱ्या प्रत्येकापुढे काढून धुता येईल असा फिल्टर. असं केलं की आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. मागच्या कार्डांच्या पट्ट्या स्क्रूच्या हव्यात, मोडून काढायच्या नकोत. मोडलेल्या पट्टीची जागा उंदराची, पालीची आणि कुंभारीण माशीची. पेटी जमिनीवर नको, फूटभर उंच स्टुलावर हवी, कारण फरशीला ओल सुटते. आणि पावसाळ्यात रोज तासभर यंत्र चालू हवं.

आणि अर्थिंग. पोलादी पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक येतात. पॉवर सप्लायमधल्या गाळणीमुळे, अर्थिंग नसेल तर, पेटीवर घरच्या विजेच्या निम्म्या दाबाइतका दाब येतो. त्याचा करंट बारीक असतो, पण तो पेटीचा दोष नाही, तिसरी पिन कापणाऱ्याचा आहे. काच घेतल्याने तो जात नाही, फक्त कळत नाही.

‘हे सगळं सोड आणि लॅपटॉप घे’ असं सांगणारे आहेतच. त्यांना एवढंच सांगतो की एटीएक्सचं माप १९९५ साली ठरलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि भोकांच्या जागा आजही त्याच आहेत. चांगल्या पेटीत एकामागून एक तीन मदरबोर्ड जगून जातात. आत सगळ्यात लवकर जुना होतो प्रोसेसर, सगळ्यात उशिरा पेटी. जी वस्तू पंधरा वर्षं राहायची ती शेवटी आणि उरलेल्या पैशांत निवडायची हा हिशोब मला कधी कळला नाही.

भाच्याचा खरा मुद्दा मात्र यातला नाही. तो मला म्हणाला, ‘मामा, मुंबईतल्या पोरांनी चमकणारी घ्यायची आणि आम्ही काय कायम काळी पेटीच वापरायची? तुझ्याकडे टिकण्याशिवाय दुसरा शब्दच नाही.’

हे मला लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कॅबिनेटने, म्हणजे त्या दुसऱ्या कॅबिनेटने, दिघीच्या नावाचं औद्योगिक क्षेत्र मंजूर केलं. बंदराची मालकी २०२१ मध्येच बदलली. या गावाच्या नावाने मोठ्या गोष्टी ठरत असताना इथल्या पोराने मात्र काटकसरीचं तेवढं बघावं, असं म्हणणारा मी कोण? सुंदर वस्तूचा हक्क त्याला आहे. मी तो नाकारतो असं त्याला वाटलं असेल, तर माझी मांडणी चुकली.

पण सुंदर म्हणजे आरपार दिसणारं, हे कुणी ठरवलं? आपल्या बोटींकडे बघ. निळा, पिवळा, लाल, नाळेवर फुलं काढलेली, वर नाव. तो रंग शोभेचा आहे आणि लाकडाचाही आहे. कुठला थर कशासाठी हे त्याच्या बापालाही वेगळं करून सांगता येणार नाही. दरवर्षी बोट वर ओढली की खरवडून पुन्हा रंगवतात. त्या कष्टाला कुणी ‘टिकाऊपणा’ म्हणून नाक मुरडत नाही. काचेला असं काही करता येत नाही. तिच्यावर आतून मिठाचा धूसर पापुद्रा येतो, सात पंख्यांचे दिवे त्यातून तांबूस दिसतात, आणि मग ती कुणी पुसत नाही. बोर्लीतल्या एका सायबर कॅफेत मी हे पाहिलंय.

हे ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘बोटीचा रंग पत्र्यावर बसतो का?’ आधी पॉलिश पेपरने घासून प्रायमर लावला तर बसतो, असं मी सांगितलं. पटलं असं तो म्हणाला नाही. मोबाइलमधला फोटोही अजून काढलेला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला जाणार आहोत. सकाळच्या जंगरने आगरदांडा, तिथून एसटी, मांडव्याहून लाँच. मी पत्र्याची जाडी मोजायला व्हर्नियर घेतो आहे. त्याने मला एक अट घातली आहे, दुकानात मी तोंड उघडायचं नाही.