शास्त्र आणि संसार : जोडणीच्या वेळची काटछाट

आष्टीच्या एका वाचकबंधूंनीं विचारिलें आहे कीं, चिरंजीव घरीं प्रोग्रॅम तयार करितात, त्यांनीं कंपायलरचा ‘एलटीओ’ हा पर्याय कायमचा चालू ठेवावा काय?

कंपायलर एरवीं एकेक फाईल निरनिराळी तपासतो. चार सुना चार चुलींवर एकमेकींस न विचारतां स्वयंपाकास लागाव्या, तशांतला प्रकार. एलटीओमध्यें सर्व फाईलींचें मधलें रूप राखून अखेरच्या जोडणीच्या वेळीं त्यांचा एकत्र विचार होतो. निरुपयोगी भाग गळतो. जीसीसीमध्यें ही सोय २०१० सालीं आली. मुंबईच्या आयआयटींतील प्रा. उदय खेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपलें पॉइंटरविषयक संशोधन याच चौकटींत उतरविलें आहे, हें आमच्या वाचकांस कळल्यावांचून राहूं नये.

किंमत पडते ती वेळेची व मेमरीची. ओपनसूसे टंबलवीडनें २०१९ त आणि फेडोरानें २०२० त हा पर्याय मुळांतच चालू केला खरा. पण त्यांचीं यंत्रें दणकट, आणि ज्या पॅकेजास तो सोसत नाहीं त्यापुरता ते बंदही ठेवितात. घरच्या चार जीबीच्या संगणकावर मोठी जोडणी मध्येंच कोसळली, तर मुलगा दोष आपल्याच बुद्धीस देईल. आधीं ठरलेला पर्याय सहसा कोणी उघडून पाहत नाहीं. आमचें मत असें कीं, रोजच्या कामांत तो बंद असावा, दुसऱ्यांस द्यावयाच्या प्रतींत चालू करावा. क्लँग असल्यास ‘थिन’ प्रकार घ्यावा. त्यास मेमरी पुष्कळ कमी पुरते. चाचण्या मात्र त्याच अखेरच्या प्रतीवर घ्याव्या, कारण दोन फाईलींतील विसंगत व्याख्यांसारख्या जुन्या चुका तेथेंच उघड्या पडतात.