विश्लेषण : पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू का करू नये? बेलापूरकरांनी भरतीची वेळ का पाहावी?

थंड प्रदेशांत हिवाळ्यात साचलेला बर्फ गाड्या अडवतो. सीबीडी बेलापूरमध्ये तेच काम पावसाळ्यात तुंबलेले पाणी करते. गुडघाभर पाणी, मध्येच बंद पडलेली गाडी आणि पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणारा चालक, हे दृश्य ओळखीचे आहे. इंजिनाचे मोठे नुकसान बहुतेक वेळा याच काही सेकंदांत होते.

बेलापूरमध्ये पाणी का तुंबते?

बेलापूरच्या एका बाजूला पारसिक डोंगर आहे, तर दुसऱ्या बाजूला खाडी. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतील बराचसा भाग भराव टाकून वसवला. हे भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने डच धर्तीवर धारण तलाव बांधण्यात आले. भरती आली की खाडीच्या दाबाने त्यांच्या झडपा बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला झडपा उघडतात आणि ते खाडीत जाते. मात्र गाळ आणि खारफुटीमुळे तलावांची क्षमता घटली आहे. खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागत असल्याने गाळ काढणेही सोपे राहिलेले नाही. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली, की पाणी रस्त्यावर थांबते.

इंजिनात नेमके काय होते?

पेट्रोल इंजिनातील पिस्टन आत आलेली हवा साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की पिस्टन अडतो आणि त्याला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. यालाच ‘हायड्रोलॉक’ म्हणतात. गाडी नुसती बंद पडली असेल, तर इंजिन वाचण्याची शक्यता असते. पुन्हा स्टार्टर मारला, की ती शक्यता कमी होत जाते.

विमा मिळतो का?

केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले नुकसान येते. पण पाण्यात इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नाने झालेली हानी ‘परिणामी नुकसान’ मानून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे संरक्षण असते. त्याच्याही अटी वाचून घ्याव्यात.

गाडी अडकली तर काय करावे?

पाणी वाढत असेल, तर आधी माणसे बाहेर काढावीत. वीजयंत्रणा बंद पडण्यापूर्वी काचा खाली घ्याव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा मुंबईत गाडीत अडकून काहींचा जीव गेला होता. साधारण फूटभर वाहते पाणीही लहान गाडी तरंगवू शकते. पाणी ओसरल्यावर गाडीची छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टो करून गॅरेजमध्ये न्यावी. विजेवरील गाडीच्या नारिंगी तारांना हात लावू नये.

भरतीचे वेळापत्रक का महत्त्वाचे?

दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, तर भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. त्यामुळे बेलापूरमध्ये फक्त पावसाचा इशारा पाहणे पुरेसे नाही. मुसळधार पाऊस असेल, तर घरी किंवा कार्यालयातून निघण्याआधी भरतीची वेळही तपासावी. ओहोटी सुरू होईपर्यंत दोन-तीन तास थांबणे हे इंजिन उघडण्याच्या खर्चापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.