छडी, बक्षीस आणि आपले वागणे



बेगम बाजारात सकाळी धान्याच्या दुकानाचे शटर वर गेले की कबुतरे लगेच खाली उतरतात. दाणे अजून पडलेले नसतात. पण या आवाजामागून दाणे येतात, हे त्यांना रोजच्या अनुभवाने कळलेले असते. रशियाचे शास्त्रज्ञ इवान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हेच दाखवले. अन्न देण्याआधी दर वेळी एक ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पुढे अमेरिकेचे स्किनर यांनी कबुतरे व उंदरांवर प्रयोग करून सांगितले की, ज्या कृतीनंतर लाभ होतो ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो.

हे आज सांगण्याचे कारण असे की, गेल्या पालक सभेत काही पालकांनी "सर, थोडी छडी असू द्या, त्याशिवाय मुले ऐकत नाहीत" असा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यास व मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आमचा अनुभव वेगळा आहे. नोकरीच्या सुरुवातीला पाढे चुकले की आम्हीही छडी उचलत असू. एका मुलाचे गणिताच्या तासाआधी रोज पोट दुखू लागले. खेळाच्या तासाला मात्र कधी दुखत नसे. पाढे राहिले बाजूला, तो गणिताला आणि आम्हाला भ्यायला शिकला. शटरचा आवाज आणि दाणे, तसे आमचे पाऊल आणि मार! ही चूक आमची होती, त्याची नव्हे.

बक्षिसाचेही तारतम्य हवे. शाबासकी जरूर द्यावी. पण दर पानाला चॉकलेट दिले, तर चॉकलेट थांबताच अभ्यासही थांबतो.

माणसाचे मूल आणखी एका रीतीने शिकते, ते म्हणजे पाहून. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. मोठे माणूस हवेच्या बाहुल्याला मारताना व रागाने बोलताना काही बालकांनी पाहिले. पुढे त्यांनीही तसेच मारले, तेच शब्द उच्चारले. मारा असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. आपल्या बाजारातही दुकानदाराचे पोर पुडी बांधायला, माप धरायला कोणत्या वर्गात शिकते? वडिलांच्या शेजारी बसून!

ताराबाई मोडक यांनी हे जाणले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडला हे काम आयुष्यभर चालवले. मुलाला धाक दाखवून ओढून आणण्याचा विचार त्यांनी केला नाही.

आता भाषेचे पाहा. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. तरी मराठी टिकली, कारण घरात आई व आजी दुसऱ्या भाषेत बोलतच नसत. मध्यंतरी एक पालक आले व मुलगा घरी मराठी बोलत नाही अशी तक्रार करून गेले. ती सगळी तक्रार त्यांनी हिंदीत केली, आणि मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता! हिंदी वा तेलुगु आपल्याला परकी नाही. पण जी भाषा मुलाच्या कानी पडत नाही, ती केवळ शाळेच्या तासांनी ओठावर येणार नाही.

म्हणून आमची नम्र विनंती आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोबाईल दूर ठेवावा आणि अर्धा तास तरी मराठीत बोलावे. शिक्षकही वर्गात जाताना मोबाईल कार्यालयात ठेवतील. सुरुवात आम्ही स्वतःपासून केली आहे. विश्वस्तांनी छडीचा विषय पुन्हा येऊ देऊ नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडांची नजर तुमच्यावर असते, हे तुम्हीही विसरू नका.