मिस्त्री, गिऱ्हाईक आणि एक कोरा कागद

मोटार दुरुस्तीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उद्गार ऐकू येतात. 'मिस्त्रीने गंडवले' हा एक आणि 'मिस्त्री म्हणजे देवमाणूस' हा दुसरा. वाणी आपल्याला महाग वाटतो किंवा स्वस्त वाटतो. गॅरेजवाला मात्र एकतर चोर ठरतो, नाहीतर देव! असे का व्हावे? याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा व्यवहाराच्या पद्धतीत शोधावे, असे मला वाटते.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी आमच्या जुन्या मोटारीचा क्लच गेला. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने ११,८०० रुपयांचे लेखी एस्टिमेट दिले. जवळच्या गॅरेजमधील मिस्त्री म्हणाले, "सात हजारांत बसवतो की!" साहजिकच गाडी मिस्त्रींकडे गेली. दोन दिवसांचे पाच दिवस झाले आणि आकडा ८,९०० वर पोहोचला. "गिअरबॉक्स उतरवल्यावर बेअरिंगपण गेलेलं दिसलं, तेही टाकलं," असा खुलासा झाला. जुने बेअरिंग भंगारात गेलेले, बिलाचा पत्ता नाही. गाडी आजही उत्तम चालते आणि सर्व्हिस सेंटरच्या तुलनेत २,९०० रुपये वाचले, हेही खरे. तरीसुद्धा घरात महिनाभर एकच चर्चा होती: बेअरिंग खरेच बदलले का?

माझ्या मते ते बदलले असावे. क्लच प्लेटबरोबर बेअरिंग बदलणे हा शहाणपणाचाच रिवाज आहे, कारण ते नंतर गेले तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. परंतु मिस्त्रींपाशी ते दाखवायला पुरावा नव्हता. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येऊ नये, हाच या धंद्यातला खरा तोटा आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे जॉर्ज अकरलॉफ आठवतील. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला मात्र कळत नाही, अशी स्थिती असली की घेणारा सर्वांनाच कमी भाव देतो. मग चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट तेवढा उरतो. या विचारासाठी २००१ साली त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आपल्या गॅरेजांतही हेच घडते. चोख काम करणारा आणि डुप्लिकेट माल खपवणारा, दोघांनाही आपण एकाच संशयाने पाहतो. मग चोख काम करण्याचा हुरूप टिकावा कसा?

यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. "नुसता एक नट आवळायचे पाचशे?" असे आपण सहज म्हणतो. कोणता नट आवळायचा हे कळायला वीस वर्षे जातात, ते आपण हिशेबात धरत नाही. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्राच्या आवाजावरून दोष ओळखणारे कारागीर घडले. त्यांच्या ज्ञानाला पदवी नाही म्हणून त्याचे मोलही नाही काय? उघड मजुरी आपण देत नाही, म्हणून ती सुट्या भागांच्या किमतीत लपवली जाते. आणि एकदा लपवायची सवय लागली की किती लपवले याला धरबंध राहत नाही.

मोठ्या कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू न देता स्वतंत्र गॅरेजांची कोंडी केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ओरिजिनल भाग मिळण्याची वाट अरुंद करायची आणि वर 'बाहेरच्या गॅरेजचा भरवसा नाही' म्हणायचे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, कागदपत्रे आली की दुरुस्ती महागेल. ही भीती अनाठायी आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. साधी पावती द्यायला मात्र कुणाचीच आडकाठी नाही. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तथापि, प्रत्येक मिस्त्रीला कायद्याचा बडगा दाखवावा असे मी मुळीच म्हणत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की वहीचे अर्धे पान पुरेसे आहे. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजे खर्च लिहावा आणि तो वाढणार असेल तर आधी फोन करावा. मजुरी आणि सुट्या भागांची किंमत वेगवेगळी मांडावी. काढलेला जुना भाग गाडीच्या डिकीत ठेवावा. आणि गिऱ्हाइकाने? त्याने मजुरीच्या ओळीवर घासाघीस करू नये. ब्रेक बसवणाऱ्या हातावर आपण घरच्यांचे प्राण सोपवतो. त्या हाताला उजळ माथ्याने पैसे मागता यावेत आणि आपल्याला ते निःशंक मनाने देता यावेत, यासाठी अर्धे पान कागद फार महाग नाही.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)