पोरांना माती द्या, सिमेंटचं हरीण नको

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. तिथे वीकएंडला सहकुटुंब गेल्यावर आपण पोरांना नेतो कुठे? तिकीट काढून बागेत! मी गेलो त्या बागेत सिमेंटचं हरीण, प्लास्टिकची घसरगुंडी आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी. नाव मात्र 'निसर्ग उद्यान'. च्यायला, यात निसर्ग कुठाय?

मग जंगलात न्या म्हणाल. कोका अभयारण्य जवळच आहे, २०१३ सालचं. पण सफारीत जिप्सीतून खाली उतरायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. ते घर प्राण्यांचं. मग पोरांनी मातीत हात घालायचा कुठे?

१९४३ साली डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. तरी कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून मुलांसाठी मैदान झालं. लाकडं, विटा, माती आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. बस्स! भर युद्धात त्यांना जमलं. आपल्याकडे तर जुने मालगुजारी तलाव आयते आहेत, कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले.

'पोरगं बुडालं तर?' भीती खरी आहे. म्हणूनच मैदान पाण्यापासून लांब हवं, मध्ये पक्कं कुंपण हवं. झाडांची सावली, ओंडके, वाळू, चिखलापुरतं नळाचं पाणी आणि पगारी देखरेखवाला. हरणावरचा खर्च त्याच्या पगाराला द्या. तिकीट लावा, आम्ही देऊ की! आणि आईबाबांनो, कपडे मळले म्हणून ओरडायचं नाही. पटतंय का?