चाळीसच्या स्पीडमधली मजा

गेले तीन महिने मी गाडी घेतोय. म्हणजे घेतलेली नाही, नुसती घेतोय. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर रोज नवी गाडी ठरते आणि चार वाजताच्या चहापर्यंत रद्द होते. एक एक्सेल शीट केलीये, तिच्यात सतरा कॉलम आहेत. सोळा भरून झालेत. सगळा घोळ सतराव्या कॉलमपाशी अडलाय: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

टीममधल्या सगळ्यांचं मत एकच. "अरे, पुण्यात राहून क्लच दाबणार? वेडा आहेस का?" आणि त्यांचं चुकत नाही. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेल्या माणसाचा डावा पाय वाकडपर्यंत पोचेस्तोवर त्याचा राहिलेला नसतो. तरीही माझं मन मॅन्युअलकडे ओढ घेतं. का, ते नीट कळत नव्हतं. गेल्या शनिवार-रविवारी गडहिंग्लजला घरी जाऊन आलो तेव्हा जरा उलगडा झाला, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मॅन्युअलवाल्यांची नेहमीची बाजू आता टिकत नाही. "मॅन्युअल फास्ट असते" हे कधीच संपलं. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५ आणि दुसऱ्याकडे २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. फक्त एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालेलं असतं. आपण क्लच दाबून, दांडा ओढून, क्लच सोडेपर्यंत ती गाडी पुढच्या वळणावर गेलेली असते. पोर्शची २०१७ ची ९११ जीटी३ घ्या. ऑटोमॅटिक शून्य ते शंभर ३.४ सेकंदात, तीच गाडी मॅन्युअलमध्ये ३.९ सेकंदात. अर्धा सेकंद! स्पोर्ट्स कारच्या दुनियेत हा जन्माचा फरक.

मायलेजचंही तेच. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमधून एएमटी आणली. त्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्याऐवजी यंत्र. त्यामुळे 'ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणार' ही भीतीही गेली.

आणि "स्टिअरिंगवरचे ते पॅडल म्हणजे व्हिडिओ गेम, खरी गाडी नव्हे" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. दसऱ्याला कोल्हापुरात शाही मिरवणूक पाहिली असेल तर छत्रपतींची ती लांबलचक मेबॅक आठवत असेल. गाडी १९३० च्या दशकातली. त्याच दशकात मेबॅक कंपनी आपल्या मोठ्या गाड्यांना असा गिअरबॉक्स देत होती की गाडी एकदा हलली की क्लचला पाय लावायचं कामच नाही. स्टिअरिंगच्या मधोमध छोट्या दांड्या. त्यांनी गिअर निवडायचा, ॲक्सिलरेटरवरून पाय क्षणभर उचलायचा, बाकीचं इंजिनच्या व्हॅक्यूमवर आपोआप. शर्यतीत हे यायला मात्र १९८९ उजाडलं. फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीला स्टिअरिंगमागे पॅडल दिले आणि नायजेल मॅन्सेलने त्या गाडीची पहिलीच शर्यत, ब्राझीलची, जिंकून दाखवली. थोडक्यात, हाताने दांडा न ओढता गिअर बदलणं ही काही आजकालच्या पोरांची थेरं नव्हेत.

मग मॅन्युअलसाठी उरलं काय?

मी गाडी शिकलो ती काकांच्या जीपवर. काका गडहिंग्लज-नेसरी वडाप करायचे. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी: आठ माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसं बसवण्याची आमच्याकडची कला. त्या जीपचा गिअरबॉक्स इतका झिजलेला की उतारावर डबल क्लच मारल्याशिवाय दुसरा गिअर पडायचाच नाही. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलकी थाप द्या, परत क्लच दाबा, आता गिअर टाका. इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जायचा. नाही जुळला तर असा काही आवाज यायचा की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या देवाचं नाव घ्यायच्या.

बारावीच्या सुट्टीत उसाच्या फडाकडेच्या पाणंदीत काका मला शिकवत होते. मी सारखा दांड्याकडे बघायचो. काका म्हणाले, "खाली काय बघालायस? गाडी बोलत्या की, ऐक जरा." चार दिवसांनी ऐकू यायला लागलं. चढावर इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर मागतंय. मोकळं भरारलं की वरचा. पाचव्या दिवशी उतारावर पहिल्यांदा दुसरा गिअर न कुरकुरता पडला. वेग असेल जेमतेम तीस. त्या क्षणाचा आनंद मला नंतर पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा झाला नाही. काकांनी नुसतं "हां" म्हटलं आणि विडी पेटवली.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला जरा लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मित्राची गाडी घेऊन गावी निघालो होतो. ड्युअल क्लच, दीडशे अश्वशक्ती, माझ्या स्वप्नातली. निपाणी सोडून तवंदी घाट उतरलो आणि मित्र म्हणाला, "घे, आता तू चालव." संध्याकाळची वेळ, रस्ता चौपदरी, गाणी चालू. गाडी इतकी शांत आणि गुळगुळीत की गिअर कधी बदलतात तेही कळत नव्हतं. मी मजेत गप्पा मारत होतो आणि समोर अंधारात एकदम एक काळी भिंत दिसली. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि उसाच्या कांड्या यांच्यात हातभर अंतर होतं. ब्रेक दाबायच्या आधी ओझरता स्पीडोमीटर दिसला होता तो आठवला. एकशे तीस. मला वाटत होतं ऐंशी-नव्वद असेल.

गाडीचा काही दोष नव्हता. उलट तिच्या ब्रेकनेच वाचवलं. ट्रॉलीला दिवा नसणं हा गुन्हाच, पण साखर कारखाने चालू असताना आमच्या रस्त्यांवर हे असतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. चूक माझी. पण त्या रात्री झोप लागेना तेव्हा एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्या गाडीत एकशे तीसला मला काहीच वाटत नव्हतं. मजासुद्धा नाही! काकांच्या जीपमध्ये तीसला जेवढी मजा आली तेवढी या गाडीत यायला मला किती वेगाने जावं लागलं असतं? एकशे साठ? एकशे ऐंशी?

माझा मुद्दा हाच आहे. वेगवान ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार मजा देते, पण ती मजा वेगाच्या मापाने देते. रेसट्रॅक असेल तर प्रश्नच नाही, तिथे पॅडलच हवेत. पण आपल्यातल्या किती जणांनी ट्रॅक पाहिलाय? आपला ट्रॅक म्हणजे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, जिथे सपाटीला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहूनही कमी, आणि वर कॅमेरे. नाहीतर संकेश्वर-बांदा रस्ता, जिथे कुठून ट्रॉली, म्हैस किंवा शाळेची पोरं येतील सांगता येत नाही. अशा रस्त्यावर एकशे साठची मजा घेणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जुगार. मॅन्युअल मात्र तीस-चाळीसलाही काम देते. वळण येतंय, कुठला गिअर लागेल, किती आरपीएम ठेवायचा, इंजिनाने वेग आवरायचा की ब्रेकने, हे सगळं डोक्यात आधी जुळवावं लागतं आणि मग हातापायाने. जमलं तर शाबासकी, चुकलं तर लगेच झटका. कंपायलरसारखं. :-)

म्हणून मला वाटतं, आपल्या देशात स्पोर्ट्स कार मॅन्युअलच असावी. जुन्या आठवणींसाठी नाही, तर कायद्याच्या आणि माणुसकीच्या वेगात मजा देणारी तीच एक आहे म्हणून.

आपल्या शेजारी असा एक प्रयोग होऊन गेला. आमच्या गडहिंग्लजवरून आजरा, आंबोली करत गोव्याला जातात. त्याच गोव्यात सॅन मोटर्स नावाची कंपनी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, उघड्या टपाची गाडी बनवायची. इंजिन रेनोचं, १.२ लिटरपेक्षाही थोडं कमी. ताकद किती? साठ अश्वशक्ती! आजची साधी फॅमिली हॅचबॅक हिला मागे टाकेल. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, गाडी चालली नाही. पण हलकी बॉडी, छोटं इंजिन आणि हातात गिअर, ही कल्पना मला आज दीडशे अश्वशक्तीपेक्षा शहाणी वाटते. आंबोलीच्या घाटात तिची साठच्या साठ अश्वशक्ती वापरता आली असती. मोठ्या गाडीची निम्मीअधिक झोपूनच राहते.

पैसेवाल्यांनाही हे उमगलंय. पोर्शने २०१३ साली जीटी३ मधून मॅन्युअल काढून टाकली. २०१६ साली ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल आणि फक्त ९९१ गाड्या. लोकांच्या उड्या पडल्या, जुन्या बाजारात किंमत मूळ किमतीच्या कितीतरी वर गेली. पुढच्या वर्षी जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आली. अर्धा सेकंद हळू असलेली गाडी माणसं मागून घेत होती. आपल्याकडे चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये आली तेव्हा दीड लिटरचं तगडं इंजिन फक्त ड्युअल क्लचसोबत मिळायचं. २०२३ मध्ये त्याला मॅन्युअलही दिली. म्हणजे असा विचार करणारा वेडा मी एकटा नाही.

इलेक्ट्रिक आल्यावर हा वादच संपेल, असं म्हणतात. असेलही. पण ह्युंदाईने २०२३ साली आयोनिक ५ एन काढली तेव्हा, जिला गिअरची गरजच नाही अशा गाडीत, खोटे गिअर आणि खोटा आवाज घातला. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माणसाला नुसतं पोचायचं नसतं, पोचवण्यात आपलाही हात हवा असतो.

असो. आता सतराव्या कॉलमची खरी अडचण सांगतो. ती मी ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडी चालवण्याचा भारी नाद. पण डावा गुडघा गेला आणि वर्षभर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. क्लच दाबला की कळ डोक्यात जाते. त्यामुळे बाजाराला जायचं तरी शेजारच्या पोराला विचारायचं, आणि कुणाला काही विचारणं हे अण्णांच्या स्वभावात नाही. मी घरी मॅन्युअल नेऊन उभी केली तर अण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारतील, टायरला लाथ मारून बघतील, "चांगली आहे" म्हणतील आणि परत ओसरीवर जाऊन बसतील. माझी मजा आणि त्यांचं हिंडणं-फिरणं, यात तोलायचं काय? ज्याला क्लच दाबता येत नाही त्याला 'मॅन्युअलचा आत्मा' वगैरे ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे फायदे सांगणं. अण्णांसाठी ऑटोमॅटिक ही आळशीपणाची सोय नाही, ती त्यांची मोकळीक आहे.

शेवटी शीट बंद केली आणि पाटी-पेन्सिलचा हिशेब केला. दीडशे अश्वशक्तीच्या नव्या गाडीच्या पैशात दोन गाड्या बसतात. अण्णांसाठी छोटी एएमटी. आणि माझ्यासाठी जुनी पोलो, एक लिटर टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल, ११० अश्वशक्ती. पोलोला स्पोर्ट्स कार म्हणालो तर जाणकार हसतील. हसू देत. चाळीसच्या स्पीडला ती माझ्याशी बोलते.

रविवारी ती बघायला आणली होती, ती घेऊन अण्णांसोबत आंबोलीपर्यंत जाऊन आलो. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पुढे घाट थोडा उतरलो आणि वर येताना एका वळणावर माझा अंदाज चुकला, इंजिन कण्हायला लागलं. शेजारी डोळे मिटून बसलेले अण्णा डोळे न उघडताच म्हणाले,

"दुसरा टाक की."

टाकला. पडला, अगदी न कुरकुरता. अण्णांनी काकांसारखंच नुसतं "हां" म्हटलं.

सतरावा कॉलम भरला.